व्याह्यांकडचं पाणी

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी तिचं घर पाहिलेलं नव्हतं. जायचं म्हटलं की काहीतरी आडवं यायचं. आधी तिच्या सासऱ्यांनी नव्या घराचं बांधकाम काढलं होतं. मग उन्हाळा फार होता. मग घरासमोरचा रस्ता खणून ठेवला होता. शेवटी "बाबा, मीच येते" म्हणून ती पुण्याला यायची, चार दिवस राहायची, माझी कपाटं आवरायची आणि जायची. गेल्या दिवाळीला तीही आली नाही. टायफॉईड झालाय म्हणाली. मी निघतो म्हटलं तर म्हणाली, इथे सासूबाई आहेत, बघतात, तुम्ही दगदग करू नका.

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. ती असती तर फोनवरच्या आवाजावरून तिनं सगळं ओळखलं असतं. मी पोस्टात आयुष्य काढलं, मला लिहिलेलं तेवढं वाचता येतं. पण दिवाळीनंतर तिचा आवाज बदलला होता हे माझ्याही लक्षात आलं. मुलगी सासरी सुखात आहे का, आणि असेल तर बापाला घरी का येऊ देत नाहीत, हा प्रश्न मला छळायला लागला. त्या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग सुट्टी. मला आता निवृत्तीमुळे रोजच सुट्टी असते, पण तिला आणि जावयाला होती. मी कुणाला न विचारता बसचं तिकीट काढलं आणि मग फोन केला. स्वभावानं मी असाच आहे, आधी करतो आणि मग कळवतो.

बसस्थानकावर लेक येईल असं वाटलं होतं. व्याही आले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि हातात बंद झाकणाची पाण्याची बाटली. मूळचे शहराबाहेरच्या शेंद्र्याकडचे. जमिनीचा मोठा तुकडा औद्योगिक वसाहतीत गेला, उरलेली चार एकर अजून स्वतः कसतात. जावई त्याच वसाहतीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, लेक शाळेत शिकवते. लग्नात मी या गृहस्थांना जेमतेम दोन दिवस पाहिलं होतं. पाठवणीच्या वेळी मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी थट्टा करतो, ही माझी जुनी खोड. त्यांच्याशीही तेव्हा काहीतरी थट्टा केली होती. ते हसले नव्हते. हात जोडून "बरं" एवढंच म्हणाले होते. माणूस अबोल दिसतो, असा मी समज करून घेतला.

अबोल कसला! गाडीत बसल्यापासून ते जे बोलायला लागले ते थांबेनात. मी म्हटलं, थेट घरी जाऊ, मला आमटी-भात पुरे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी जुन्या शहरात घातली. एका खानावळीत मला पोटभर जेवू घातलं, स्वतः समोर बसून माझ्याइतकंच जेवले, आणि मग शहर दाखवायला निघाले. या शहरात दरवाजे किती आहेत याची मला कल्पना नव्हती. पुण्यात आम्ही दरवाजा म्हटलं की शनिवारवाड्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. इथे दरवाज्यांतून अजून रिक्षा, दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस ये-जा करतात. मकाई दरवाज्यापाशी व्याह्यांनी गाडीचे दोन्ही आरसे आत वळवले, समोरच्या टेम्पोवाल्याला हातानं "आधी तू" अशी खूण केली आणि मग सावकाश गाडी काढली. टेम्पोवाल्यानं जाता जाता सलाम केला. ओळखीचा का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, वाट दिली म्हणून केला. मला ते फार आवडलं. माझ्या गावात वाट दिली तर मागचा शिव्या देतो.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. जालना रस्त्यावर विमानतळाच्या पुढे नवी वस्ती वाढते आहे, तिथे दुमजली, नीटनेटकं घर. लेक दारात उभी होती. बारीक झाली होती. हसली, वाकून पाया पडली, म्हणाली, "बाबा, चहा टाकते." तेवढ्यात व्याही मागून म्हणाले, अगं, चहाला आम्ही नाक्यावर चाललो, तिथला लई भारी असतो. आणि मला उभ्या उभ्या परत बाहेर घेऊन गेले. मी मागं वळून पाहिलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी होती.

रात्रीचं जेवणही ढाब्यावर. लेक आणि जावई बरोबर होते, विहीणबाई घरी थांबल्या. परत आल्यावर माझ्या खोलीत पाहतो तर टेबलावर बाटलीबंद पाण्याचा अख्खा खोका. कोपऱ्यात माठ होता, तो उपडा घातलेला. त्या भागात नळाला पाणी रोज येत नाही, टँकर मागवावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी मनात आलं, एवढं काय, मी काही परदेशी पाहुणा नाही.

सकाळी सहाला व्याह्यांनी दारावर टकटक केली. टपरीवरचा चहा. मग शेजारच्या गाडीवर सुशीला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाणे घातलेला तो प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला आणि दोन बशा मागवल्या. पण खाताना हिशेब जुळवत होतो. काल दुपारपासून चार वेळा तोंडात घास गेला होता, त्यातला एकही त्या घरातला नव्हता. लेकीनं चहाचं नाव काढलं की हे गृहस्थ मध्ये पडत होते. तिला स्वतःच्या बापाला कपभर चहा करून द्यायची मुभा नाही का? स्वयंपाकघर तिचं नाही का? सुशीला गोड लागेना. हे मी कुणाला बोललो नाही, पण माझा चेहरा बोलका आहे आणि तो सकाळपासूनच वाकडा झाला असणार.

तरीही त्या रविवारबद्दल मला वाईट लिहिता येत नाही. वेरूळला निघालो. लेक आणि जावई मागं बसले, मी पुढं. दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूवाल्या बायका बसल्या होत्या. व्याह्यांनी पेरू हातात घेऊन नखानं टिचकी मारून पाहिले, चार घेतले, मीठ-तिखट लावून घेतलं आणि एक मला दिला. लेकीला आतून गुलाबी निघेल असा निवडून दिला. "हिला गुलाबीच लागतो," असं जावयाला नाही, मला म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. लहानपणी ती पेरू खायचीच नाही.

वेरूळची लेणी मी पूर्वी शाळेच्या सहलीत पाहिली होती, म्हणजे मास्तरांच्या मागं पळत पाहिली होती. या खेपेला एका शेतकऱ्याबरोबर पाहिली. कैलास लेण्यासमोर सगळे माना वर करून पाहत होते, आणि हे खाली पाहत होते. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठून निघून जातं, ते शोधत होते. मग मला डोंगराच्या कडेनं वर घेऊन गेले आणि कळसाकडे वरून पाहायला लावलं. वरून खाली कोरत नेलं, हे वाचून मला ठाऊक होतं, पण त्यात विशेष काय ते त्यांनी सांगितलं. "आमी हीर खणताना असंच करतोत. फरक एवढाच, आमी माती काढून टाकतो अन् मोकळं ठेवतो. यांनी काय ठेवायचं ते आधी ठरवलं." एवढं बोलून ते कठड्याशी बसले आणि टोपीनं घाम पुसला. मी पुष्कळ जाणकारांची भाषणं ऐकली आहेत. इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

लेक खाली चौकात उभी होती. जावयानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडे घेतली. दोघं काहीच बोलत नव्हती, पण भांडलेली नव्हती. मला काही कळेना. माणसं वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या दिवशीही जेवण बाहेर, चहा बाहेर. संध्याकाळी मी मुद्दाम पाय दुखतात म्हणून घरी बसलो. लेकीनं लगेच विचारलं, सरबत करू का. व्याही अंगणातून आत आले, माझ्यासमोर नवी बाटली ठेवली आणि तिला म्हणाले, सूनबाई, तुझ्या शाळेतलं उद्याचं झेंडावंदन किती वाजता, साडी काढून ठेवलीस का. ती साडी बघायला आत गेली. मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, त्यांनी नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. उद्या पुण्याला निघायच्या आधी याचा सोक्षमोक्ष लावायचा, हे पक्कं ठरवलं.

सोमवारी लेक तिच्या शाळेत गेली, जावयाला त्याच्या कारखान्यातल्या झेंडावंदनाला जायचं होतं. व्याही मला शेतावर घेऊन गेले. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पत्र्याच्या भिंती संपतात तिथं त्यांची चार एकर सुरू होते. एका बाजूला कंटेनर उभे, दुसऱ्या बाजूला कणसं धरलेली ज्वारी. बांधावर हरभरा. एवढ्या गोंगाटात या माणसानं ते रान असं निगुतीनं राखलं होतं की एक तण दिसत नव्हतं. विहीणबाई आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. लिंबाखाली तीन दगडांची चूल पेटलेली, परातीत पीठ, आणि त्या भाकरी थापत होत्या. ओल्या हरभऱ्याची आमटी, भाजलेलं वांगं, ठेचा. त्या वयात पहाटे उठून, भांडीकुंडी घेऊन, रानात येऊन स्वयंपाक कशासाठी? घरी गॅस होता की.

मला तहान लागली होती. बाटली गाडीत राहिली होती. चुलीशेजारी झाकलेली कळशी आणि तांब्या होता. मी तांब्या बुडवणार तेवढ्यात व्याही जवळजवळ धावत आले. "थांबा पाव्हणं, त्ये नका घेऊ. त्ये घरून आणलंय, आमच्यासाठी. तुमाला बोरचं देतो, रानातलं."

तीन दिवस दाबलेला राग वर आला. मी तांब्या आपटला. म्हणालो, तुमच्या घरचं पाणी मला का नको? तीन दिवस बघतोय, तुमच्या घरात मला घोटभर चहा मिळत नाही, माझ्या मुलीला मला पाणी द्यायची परवानगी नाही. काय लपवताय तुम्ही?

विहीणबाईंचा हात परातीवर थांबला. व्याही माझ्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमीच म्हणला व्हता की. पाठवणीला. नातवंड मांडीवर येईस्तोवर लेकीच्या घरच्या पाण्याचा थेंब घेत नाय, अशी तुमची रीत हाय म्हणून."

मी खाली बसलो. आठवलं. हेच म्हणालो होतो. कार्यालयाच्या दारात, गाडी सुटताना, रडू फुटू नये म्हणून. आमच्या आजोबांच्या पिढीत ती रीत होती. माझ्या वडिलांनीसुद्धा पाळली नव्हती. मी ती गंमत म्हणून बोललो आणि पुण्याला पोहोचायच्या आत विसरलो. या माणसानं तीन वर्षं जपून ठेवली होती. पाहुणा बोलवायचा तर उपाशी कसा ठेवायचा, म्हणून बांधकाम, उन्हाळा, रस्ता या सबबी. आणि मी आगाऊ तिकीट काढून उभा राहिलो तेव्हा माझी रीतही मोडू नये आणि पोटही रिकामं राहू नये, म्हणून टपरी, ढाबा, आणि ही रानातली चूल. रान म्हणजे घर नव्हे, असा त्यांनी तोडगा काढला होता. विहीणबाई खाली बघून म्हणाल्या की त्यांना आधी वाटलं होतं, तुम्ही भिक्षुकी-कारकुनीच्या घरातली माणसं, आमच्या हातचं चालत नसेल, म्हणून रीत पुढं करता. पण हे म्हणाले, तो माणूस तसा नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं मत त्यांनी कशावरून केलं होतं, देव जाणे.

मी म्हटलं, अहो, मग मुलीला का नाही विचारलंत? ती म्हणाली असती, बाबांची थट्टा आहे, मनावर घेऊ नका.

व्याही माझ्याशेजारी उकिडवे बसले. चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आदी नव्या सुनंला तिच्या बापाबद्दल कसं इचारायचं, म्हणून ऱ्हायलं. आन् आता तिच्याम्होरं नातवंडाचा शब्द काढायचा नाय, असं आमी ठरवलंय. दसऱ्यापासून. चौथा महिना व्हता. तुमाला ठाव हाय की."

मला ठाऊक नव्हतं. टायफॉईड म्हणाली होती. त्यांनाही माझ्या तोंडाकडे पाहून ते कळलं, आणि आपण बोलायला नको होतं असं वाटून ते उठले आणि उगीचच बोरकडे गेले. विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांनी सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. दवाखान्यात सहा दिवस त्या लेकीजवळ झोपल्या. घरी आणल्यावर गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या, तर व्याही सकाळ-संध्याकाळ फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येकीला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे. महिनाभर. पिकाची वेळ होती, तरी.

मी तीन दिवस ज्या माणसावर डोळे वटारत होतो, तो माझ्या मुलीची राखण करत होता. मला माझीच लाज वाटली. मी कळशीत तांब्या बुडवला आणि ते पाणी प्यायलो. मग त्या भाकरी खाल्ल्या. मीठ जास्त होतं की कमी, मला सांगता येणार नाही.

दुपारी घरी आलो. पाचची बस होती. लेक शाळेतून आलेली, पांढऱ्या साडीत, पदराला तिरंग्याची टाचणी. माझी पिशवी भरत होती. मी बैठकीत नाही थांबलो, सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसलो. व्याही आणि विहीणबाई दारात उभे होते. मी म्हटलं, "पाणी दे गं."

तिनं सवयीनं खोलीकडे पाहिलं, बाटली आणायला. मी म्हटलं, ते नको, तुमचं दे. तिनं ओट्याशेजारच्या माठातलं पाणी ग्लासात ओतलं आणि माझ्या हातात दिलं. मी सगळं प्यायलो आणि ग्लास पुढं केला. दुसरा ग्लास देताना ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आमचं टँकरचं पाणी चालत नाही. तुम्हाला घरच आवडलं नाही असं वाटलं मला. तीन दिवस घरात काहीच घेत नव्हता."

"पाणी गोड आहे," मी म्हटलं. "आणखी दे. आणि आमटी-भात टाक, बस उद्याची बघू."

तिला काही कळलं नाही. दारातल्या दोघांना कळलं. विहीणबाईंनी पुढं होऊन तांदळाचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला, आणि आपण बाजूला झाल्या. रात्री आम्ही सगळे खाली फरशीवर बसून जेवलो. व्याही मांडी घालता घालता म्हणाले, "लई हिंडलो बाबा. आज बूड टेकून जेवतो." तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मला एकट्याला बाहेर जेवावं लागू नये म्हणून हा माणूसही तीन दिवस स्वतःच्या घरात जेवला नव्हता. थट्टेची ही गोष्ट मी लेकीला अजून सांगितलेली नाही. हे वाचून कळेल. रागावली तर तो तिचा हक्क आहे.

मंगळवारी सकाळी सहाला मी सवयीनं जागा झालो आणि टकटकीची वाट पाहिली. ती झाली नाही. खिडकीतून बघितलं तर व्याही फाटक न वाजवता, चपला हातात घेऊन, एकटेच बाहेर पडत होते. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. लेक चहा करत होती. मी स्टुलावर बसलो. तिनं दोन कप भरले, एक माझ्यासमोर ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करून गॅस पुसता पुसता म्हणाली, बाबा, मला दिवाळीत टायफॉईड झाला नव्हता.

त्या दिवशी व्याह्यांनी टपरीवर चहाला दोन तास लावले.